परसातील कोंबड्यांचे सांसर्गिक श्वसनरोग

घराच्या परसात मोकाट वा अर्धमोकाट पाळलेल्या कोंबड्यांचे नाक, डोळ्यांखालील पोकळ्या, स्वरयंत्र, श्वासनाल, फुप्फुसे व वायुकोश या अवयवांना होणारे आणि एका पक्ष्यापासून दुसऱ्यास लागणारे रोग. विषाणू, सूक्ष्मजंतू आणि कोशिकाभित्ती नसलेले मायकोप्लाझ्मा हे त्यांचे कारक होत. राणीखेत, सांसर्गिक श्वासनलिकादाह, सांसर्गिक स्वरयंत्र-श्वासनालदाह, कोरायझा म्हणजे सांसर्गिक पडसे, चिरकारी श्वसनरोग व बर्ड फ्लू हे यांतील प्रमुख रोग आहेत. शिंका, नाकाडोळ्यांतून पाणी, घरघर व उघड्या चोचीने श्वास घेणे ही लक्षणे त्या सर्वांत कमीअधिक प्रमाणात आढळतात. त्यांचे परिणाम मात्र अगदी भिन्न असतात. एका रोगात कळप चार दिवसांत नाहीसा होतो, तर दुसऱ्यात एकही पक्षी मरत नाही. पण बरा झालेला प्रत्येक पक्षी पुढे रोग पसरवीत राहतो. हा दुसरा प्रकार पालकाच्या सहसा लक्षात येत नाही.

भारताच्या २०१९ च्या पशुगणनेत कुक्कुट पक्ष्यांची संख्या ८५ कोटींच्या वर असून त्यांपैकी सु. ३१.७ कोटी पक्षी परसातील होते. पाचदहा कोंबड्यांचा असा कळप बहुधा घरातील स्त्रीच्या मालकीचा असतो. अंडी व कोंबडी विकून आलेला पैसा वह्यापुस्तके, औषधपाणी, पाहुणचार अशा तातडीच्या खर्चासाठी तिच्या हाताशी असतो. अशा कळपाचा विमा नसतो व पक्ष्यांची नोंदही नसते. त्यामुळे कोंबड्या झिंगू लागल्या की मरण्यापूर्वी त्या आठवडे बाजारात विकून टाकण्याकडे किंवा कापून खाण्याकडे कल होतो. ही घाई समजण्यासारखी आहे. परंतु एका गावाची साथ दुसऱ्या गावात नेणारा सर्वांत मोठा मार्गही हाच आहे.

श्वसनेंद्रियांची रचना : कोंबडीला सस्तन प्राण्यांप्रमाणे मध्यपटल नसते. तिची फुप्फुसे लहान, बरगड्यांना चिकटलेली व जवळजवळ न फुगणारी असतात. हवा खेळविण्याचे काम पातळ पिशव्यांसारखे वायुकोश करतात. ते मानेपासून पोटापर्यंत पसरलेले असून त्यांचे फाटे काही हाडांतही शिरतात. त्यामुळे श्वासावाटे आत गेलेला जंतू शरीरात खोलवर पोहोचतो. वायुकोशांच्या भित्तींना रक्तपुरवठा अल्प असल्याने तेथील दाह लवकर शमत नाही व रक्तावाटे गेलेले औषधही तेथे पुरेसे पोहोचत नाही. पक्ष्यांचा पू सस्तन प्राण्यांच्या पुवासारखा पातळ नसून खरवसासारखा घट्ट असतो. डोळ्याखालील पोकळीत तो साचला की आपोआप वाहून जात नाही आणि चेहरा सुजलेलाच राहतो. पशुवैद्यास कधीकधी तो छेद देऊन काढावा लागतो.

श्वासनालीच्या आतील अस्तरावर सूक्ष्म केसल असतात. धूळ व जंतू चिकटलेला श्लेष्म ते सतत वर ढकलतात. कोंदट खुराड्यात साचलेल्या विष्ठेपासून अमोनिया वायू निर्माण होतो. हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सु. २५ भागांवर गेले की केसलांचे कार्य मंदावते. रात्री खुराड्यात डोके घातल्यावर माणसाचे डोळे चुरचुरत असतील, तर कोंबड्यांच्या श्वासनालीला इजा सुरू झाली आहे असे समजावे. पावसाळ्यात व थंडीत खुराडे पोत्यांनी चहूबाजूंनी बंद करण्याची प्रथा या दृष्टीने अपायकारक आहे. वारा थेट अंगावर येऊ नये हे खरे. पण छपरालगत झरोका हवाच.

राणीखेत : महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात यास मानमोडी असेही म्हणतात. हा रोग १९२६ मध्ये जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आढळला. भारतात तो त्याच सुमारास हल्लीच्या उत्तराखंड राज्यातील राणीखेत येथे ओळखला गेला आणि देशात त्याला तेच नाव रूढ झाले. तो पॅरामिक्सो गटातील विषाणूमुळे होतो. परिपाक काल २ ते १५ दिवसांचा, बहुधा ५-६ दिवसांचा असतो. विषाणूच्या सौम्य वाणांमुळे केवळ किरकोळ शिंका येतात. उग्र वाणात मात्र पक्षी सुस्तावतो, पिसे फुलवून बसतो, हिरवट पातळ विष्ठा टाकतो व तोंड उघडून श्वास घेतो. जे पक्षी काही दिवस तग धरतात त्यांच्यात पंख व पाय लुळे पडणे, मान पिळवटणे ही तंत्रिका तंत्राची लक्षणे दिसतात. मानमोडी हे नाव या पिळवटलेल्या मानेवरून पडले आहे. लस न टोचलेल्या गावठी कळपात उग्र वाण शिरल्यास जवळजवळ सर्व पक्षी दगावू शकतात. या रोगावर औषध नाही. तथापि परिणामकारक व स्वस्त लस उपलब्ध असताना आजही परसातील कळपांचा सर्वाधिक नाश याच रोगाने होतो. त्याची कारणे पुढे लसीकरणाच्या संदर्भात दिली आहेत.

सांसर्गिक श्वासनलिकादाह हा कोरोना विषाणूमुळे होणारा रोग १९३१ मध्ये अमेरिकेत प्रथम वर्णिला गेला. एक-दोन दिवसांतच तो सबंध कळपात पसरतो. प्रौढ कोंबड्या सहसा मरत नाहीत. पण अंडी कमी होतात, कवच खडबडीत व वेडेवाकडे होते आणि पांढरा बलक पाण्यासारखा पातळ पडतो. अगदी कोवळ्या वयात रोग झालेल्या मादी पिलांच्या अंडवाहिनीला कायमची इजा होऊ शकते. अशी तलंग पुढे निरोगी दिसते, तुरा लाल होतो, परंतु ती अंडी घालत नाही.

सांसर्गिक स्वरयंत्र-श्वासनालदाह हा हर्पिस गटातील विषाणूमुळे होतो. मान लांब ताणून, चोच उघडून, आवाज करीत श्वास ओढणे व खोकताना रक्तमिश्रित श्लेष्म बाहेर पडणे ही त्याची ठळक खूण आहे. खुराड्याच्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे आढळतात. बऱ्या झालेल्या पक्ष्याच्या त्रिमूल तंत्रिकेच्या गुच्छिकेत हा विषाणू सुप्तावस्थेत राहतो. अंडी घालण्यास सुरुवात, स्थलांतर, नव्या पक्ष्यांशी झटापट अशा ताणाच्या प्रसंगी तो पुन्हा बाहेर टाकला जातो.

कोरायझा हा ॲव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनेरम या सूक्ष्मजंतूमुळे होतो. संसर्गानंतर एक ते तीन दिवसांत नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव वाहू लागतो व डोळ्यांभोवतीचा भाग सुजून डोळा झाकला जातो. दिसेनासे झाल्यामुळे पक्षी दाणापाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि उपासमारीने खंगतो. हा जंतू शरीराबाहेर फार काळ टिकत नाही. म्हणून खुराडे काही दिवस रिकामे ठेवल्यास तो तेथून नष्ट होतो. बऱ्या झालेल्या पक्ष्याच्या नाकात मात्र तो टिकून राहतो.

चिरकारी श्वसनरोग मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकममुळे होतो. त्याची गती संथ असते : महिनोन्‌महिने थोडी घरघर, थोडा खोकला, अंगावर मांस न धरणे. मात्र राणीखेत वा श्वासनलिकादाहाचा विषाणू किंवा ई. कोलाय हा जंतू यांची जोड मिळाल्यास वायुकोशांत घट्ट पू साचतो व मरतूक वाढते. मायकोप्लाझ्मास कोशिकाभित्ती नसल्याने पेनिसिलिनचा त्यावर उपयोग होत नाही. टायलोसीन, टेट्रासायक्लीन यांसारख्या प्रतिजैव पदार्थांनी लक्षणे कमी होतात, पण जंतू शरीरातून समूळ जातोच असे नाही. हा जंतू अंड्यावाटे पिलांत उतरतो. खुडूक कोंबडीखाली घरचीच अंडी ठेवणाऱ्या पालकाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. बरी झालेली कोंबडी खाण्यासाठी अंडी घालण्यास ठेवता येईल, परंतु तिची अंडी उबवणीस ठेवू नयेत.

बर्ड फ्लूचा उग्र प्रकार भारतात प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे निश्चित झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातही तो आढळला. अचानक व मोठ्या प्रमाणावर मरतूक, तुरा व गलोल निळसर पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताळलेले चट्टे ही त्याची लक्षणे होत. उग्र राणीखेत रोगापासून तो केवळ पाहून ओळखता येत नाही. त्याचे निश्चित निदान भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत केले जाते.

ओळख व निदान : दिवसा कोंबड्या परसात पांगलेल्या असतात व भक्षकाच्या भीतीने पक्षी आपले आजारपण शक्य तेवढे लपवितो. म्हणून रोगाची पहिली चाहूल डोळ्यांपेक्षा कानांना लागते. रात्री कोंबड्या खुराड्यात निवांत झाल्यावर दिवा न लावता काही मिनिटे बाहेर उभे राहून ऐकल्यास घरघर, शिटीसारखा आवाज अथवा शिंका स्पष्ट ऐकू येतात. कळपात नवा पक्षी आल्यावर किंवा आसपास मर सुरू झाल्यावर ही तपासणी रोज करावी. मरतूक किती झाली, किती दिवसांत झाली, अंडी केव्हापासून घटली व शेवटचा नवा पक्षी केव्हा आणला या चार गोष्टी पशुवैद्यास सांगता आल्या, तर निदान बरेच सोपे होते.

घरघर करणारी प्रत्येक कोंबडी सांसर्गिक रोगाने पछाडलेली असते असे नाही. बुरसटलेले तूस किंवा गवत अंथरल्याने होणारा कवकजन्य फुप्फुसरोग, श्वासनालीत राहणारा तांबडा कृमी व अ जीवनसत्त्वाची न्यूनता यांमुळेही पक्षी तोंड उघडून श्वास घेतात. कोंबड्यांच्या देवीच्या एका प्रकारात घशात पिवळसर पापुद्रे येऊन श्वास कोंडतो. तुऱ्यावरील देवीच्या खपल्या त्या वेळी शेजारच्या पक्ष्यांवर बहुधा आढळतात. निश्चित निदानासाठी ताजे मृत पक्षी किंवा घशातील स्राव बर्फात ठेवून पशुवैद्यामार्फत प्रयोगशाळेकडे पाठवितात. मरतूक अचानक व फार असेल, तर पालकाने मृत पक्षी स्वतः चिरून पाहू नये.

साथ आल्यावरची व्यवस्था : परसात एक पक्षी आजारी पडला म्हणजे रोगी तो पक्षी नसून सबंध कळप आहे असे मानून वागावे लागते. पहिल्या शिंकेच्या आधीच एका पाणवठ्यावर पिणाऱ्या सर्व पक्ष्यांना संसर्ग पोहोचलेला असतो. तरीही आजारी पक्षी वेगळे काढणे उपयुक्त असते. कारण त्यामुळे जंतूंचा मारा कमी होतो व दुबळ्या पक्ष्यास दाणापाणी मिळते. त्यांचे डालगे वाऱ्याच्या दिशेचा विचार करून निरोगी पक्ष्यांपासून शक्य तितके दूर ठेवावे. दाणापाणी आधी निरोगी पक्ष्यांना व शेवटी आजाऱ्यांना द्यावे, हा क्रम कधीही उलटू नये. आजाऱ्यांची भांडी वेगळी असावीत व त्यांच्याकडून परतताना हातपाय साबणाने धुवावेत. जंतू चपलेच्या तळव्याला चिकटून फार सहज प्रवास करतो. गावात लस टोचत वा कोंबड्या खरेदी करीत फिरणाऱ्या माणसांच्या बाबतीतही हीच काळजी हवी.

संसर्ग थोपविण्यासाठी संपूर्ण कळप कोंडून ठेवावा, शेजाऱ्यांना सांगावे आणि पक्षी, अंडी, खत यांपैकी काहीही बाहेर जाऊ देऊ नये. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणाविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार राणीखेत, बर्ड फ्लू इ. अनुसूचित रोगांचा संशय आल्यास पालकाने गावपातळीवर कळविणे बंधनकारक आहे. खबर दिली की सगळ्याच कोंबड्या मारून टाकतील, या भीतीने अनेक जण गप्प राहतात. वस्तुतः सरसकट पक्षी नष्ट करण्याची कारवाई बर्ड फ्लू निश्चित झाल्यावर, ठरावीक परिघात होते. शासकीय भरपाई अशा वेळी नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी मिळते, आधीच मेलेल्यांसाठी नाही. तेव्हा उशीर करण्यात पालकाचेच नुकसान आहे.

आजारी पक्ष्यांना ऊब, सावली, स्वच्छ पाणी व भिजविलेले मऊ खाद्य द्यावे. चिकटलेले डोळे व नाकपुड्या कोमट मिठाच्या पाण्याने पुसाव्यात. हिरवा पाला दिल्यास अ जीवनसत्त्वाची उणीव भरून निघण्यास मदत होते. हळद, लसूण, कांदा यांचे घरगुती उपाय सर्वत्र केले जातात. त्यांनी विषाणुजन्य रोग बरा झाल्याचा पुरावा नाही. अपायही फारसा नाही, मात्र त्यांच्या भरवशावर तीन-चार दिवस वाया गेले तर तो अपाय मोठा ठरतो.

प्रतिजैव पदार्थ विषाणूंवर निरुपयोगी आहेत. कोरायझा व चिरकारी श्वसनरोगात, तसेच विषाणुजन्य रोगानंतर शिरलेल्या जंतूंवर त्यांचा उपयोग होतो. परंतु मात्रा व दिवस पशुवैद्याने ठरवावे लागतात. दुकानातून आणलेली पूड अंदाजे पाण्यात ढवळून दोन दिवस पाजणे व शिंका थांबताच बंद करणे ही सर्वत्र आढळणारी रीत आहे. तिच्यामुळे रोग उलटतो व औषधास दाद न देणारे जंतू तयार होतात. मानवी वैद्यकात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टीन या औषधाचा अन्नोपयोगी प्राण्यांतील वापर भारतात २०१९ मध्ये याच कारणाने बंद करण्यात आला. औषध चालू असताना व त्यानंतर वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत अंडी आणि मांस खाऊ अथवा विकू नये.

बरे झालेले पक्षी ठेवावेत की काढून टाकावेत, हा यातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. मोठ्या कुक्कुटशाळेत सर्व पक्षी एकदम काढून जागा रिकामी करणे हाच नियम असतो. परसात मात्र कळप नाना वयांचा असतो. त्यात आवडती खुडूक कोंबडी असते, देवाला बोललेला कोंबडा असतो. येथे दोन मार्ग संभवतात. कळप ठेवायचा झाल्यास तो बंद कळप मानावा : नवे पक्षी आणू नयेत, जुने बाहेर देऊ नयेत, उबवणीस अंडी घेऊ नयेत व पक्षी वयोमानाप्रमाणे खाण्यात संपू द्यावेत. नवी सुरुवात करायची झाल्यास सर्व पक्षी एकाच वेळी काढावेत. निम्मे जुने ठेवून त्यांत नवी पिले सोडणे हा मात्र तिसरा मार्ग नव्हे. त्याने रोग कायमचा वस्तीला राहतो. शासकीय योजनेतून किंवा फेरीवाल्याकडून घेतलेली सुधारित जातीची पिले आठ-पंधरा दिवसांत का मरतात, याचे उत्तर पुष्कळदा घरच्या धडधाकट दिसणाऱ्या जुन्या कोंबडीत असते. दोष मात्र पिलांच्या जातीला दिला जातो.

मृत पक्षी उकिरड्यावर, ओढ्यात अथवा कुत्र्यांपुढे न टाकता खोल खड्ड्यात चुना पसरून पुरावेत. रिकाम्या खुराड्यातील विष्ठा व अंथरूण खरवडून काढल्याशिवाय जंतुनाशक मारू नये. घाणीच्या थरावर विरंजक चूर्णाची शक्ती तत्काळ नष्ट होते. आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासावे, वाळू द्यावे, मग जंतुनाशक व चुन्याचा हात द्यावा आणि ऊन लागू द्यावे. थंड, ओलसर विष्ठेत राणीखेतचा विषाणू काही आठवडे जगू शकत असल्याने नवे पक्षी निदान महिनाभराने आणावेत. पुढेही बाजारातून आणलेला, पाहुण्याने दिलेला किंवा प्रदर्शनातून परत आलेला प्रत्येक पक्षी तीन ते चार आठवडे वेगळा ठेवूनच कळपात मिसळावा.

लसीकरण : राणीखेतसाठी पाच ते सात दिवसांच्या पिलांना एफ किंवा लासोटा वाणाच्या लशीचा एक थेंब डोळ्यात वा नाकात टाकतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात लासोटा पुन्हा देतात व आठ आठवड्यांनंतर आर-२बी ही लस टोचतात. ही तिसरी लस अधिक तीव्र असून लहान पिलांना देता येत नाही. ती मुक्तेश्वर येथील संशोधनातून १९४० नंतरच्या दशकात तयार झाली आणि भारतीय कुक्कुटपालनास तिचा मोठा आधार लाभला. लस निरोगी पक्ष्यांनाच द्यावयाची असते. साथ घरात शिरल्यावर तिचा लाभ अनिश्चित असतो.

लस असूनही गावठी कोंबड्या मरतात याचे कारण औषधशास्त्रात नसून व्यवहारात आहे. लशीची कुपी शंभर, दोनशे वा अधिक मात्रांची असते, ती २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते व द्रावण केल्यावर सु. दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या मालकिणीने ती आणावी कशी? एका वाडीतील पंधरा-वीस घरांनी एक दिवस ठरवून, सकाळी खुराडी उघडण्यापूर्वी एकाच फेरीत सर्व पक्ष्यांना लस देणे हाच यावर व्यवहार्य उपाय आहे. एखादे घर वगळले गेले तर तेथे साथ जिवंत राहू शकते. पिण्याच्या पाण्यातून लस द्यायची असल्यास नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरू नये. क्लोरीनने लशीतील जिवंत विषाणू मरतो. पाण्यात थोडी साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळल्यास लशीचे संरक्षण होते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली आय-२ ही उष्णता सहन करणारी लस टांझानिया, मोझँबिक इ. देशांत गावकऱ्यांनीच डोळ्यात थेंब टाकून, दर चार महिन्यांनी देण्याची पद्धत यशस्वी झाली आहे.

मानवास होणारा उपद्रव : वरील रोगांपैकी बहुतेक माणसास लागत नाहीत. राणीखेतचा विषाणू डोळ्यात गेल्यास काही दिवस डोळे येतात. लस हाताळणाऱ्यांनी म्हणून हात डोळ्याला लावू नयेत. बर्ड फ्लूचा संसर्ग माणसास क्वचित, पण घातक स्वरूपात होऊ शकतो. तो मुख्यतः आजारी पक्षी कापताना व पिसे काढताना होतो, नीट शिजविलेले मांस खाल्ल्याने नव्हे. मरतूक चालू असताना घाईने पक्षी कापून संपविणे हे काम बहुधा घरातील स्त्रिया करतात व लहान मुले भोवती असतात. त्या दिवसांत ते पूर्णपणे टाळावे.